चेलोची आस आणि पियानोची मात्रा

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या एका रचनेच्या स्वरलिपीवर सुरुवातीलाच ‘अनंत संथपणे, भावसमाधीत’ अशा अर्थाची सूचना छापलेली आहे आणि तिच्या शेजारी मेट्रोनोमचा, म्हणजे ठोके देऊन गती दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा दिला आहे, ४४. मिनिटाला ४४ ठोके ही गती ख्याल ऐकणाऱ्याला फारशी संथ वाटणार नाही. पण हा आकडा मात्रेचा नसून मात्रेच्या चौथ्या हिश्श्याचा आहे, हे लक्षात आले की वाचणारा थबकतो. चौथा हिस्सा साधारण १.३६ सेकंदांचा होतो, म्हणजे पूर्ण मात्रा जवळजवळ साडेपाच सेकंदांची झाली. चेलो आणि पियानो या दोनच वाद्यांसाठी लिहिलेली ही रचना कागदावर छोटीशी दिसते, तरी ती वाजवायला आठ-नऊ मिनिटे लागतात. या मिनिटांत फारसे काही ‘घडत’ नाही, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष मात्र सुटत नाही. हे कसे साधले आहे, ते पाश्चात्त्य संगीताची परिभाषा शक्य तितकी बाजूला ठेवून उलगडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी रचनेचा ठावठिकाणा सांगायला हवा. मेसियाँ यांची ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ ही व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो अशा चार वाद्यांची आठ भागांची रचना आहे. मात्र चारही वाद्ये प्रत्येक भागात वाजत नाहीत. तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे, आठवा व्हायोलिन आणि पियानोचा आहे आणि पाचवा चेलो आणि पियानोचा आहे. या पाचव्या भागाचे नाव ‘येशूच्या शाश्वततेचे स्तवन’ असे आहे. चेलोवादक आपल्या मैफलीत हा भाग स्वतंत्रपणेही वाजवतात. विसाव्या शतकात या जोडीसाठी देब्युसी, शोस्ताकोविच आणि ब्रिटन यांनी लिहिलेले सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, अधिक विस्ताराचे आहेत आणि त्यांत वाद्यांची जुगलबंदीही अधिक आहे. तरीही या दोन वाद्यांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न या संथ भागाइतका उघडा करून दाखवणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

ते नाते मुळातच विषम आहे. चेलो हे सारंगीच्या कुळातले, गजाने वाजणारे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो, खालचा धातूचा दांडा जमिनीवर टेकवतो आणि राळ लावलेल्या घोड्याच्या केसांचा गज चार तारांवर फिरवतो. पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, सहज घेता येते. आणि मुख्य म्हणजे, गज फिरत असेपर्यंत सूर जिवंत असतो. तो वाढवता येतो, मिटवता येतो, मध्येच त्याला कंप देता येतो. पियानोचे याच्या अगदी उलट आहे. कळ दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. त्यानंतर त्या सुरावर वादकाची सत्ता जवळजवळ संपलेली असते. पायाखालचा पेडल दाबून तो सूर थोडा अधिक वेळ घुमत ठेवता येतो, पण वाढवता येत नाही. तो विरतच जातो. आघातानंतर सूर जितका वेळ रेंगाळत राहतो त्याला आपल्याकडे तंतुवाद्यांच्या संदर्भात ‘आस’ हा फार नेमका शब्द आहे. त्या भाषेत सांगायचे तर चेलोची आस वादकाच्या हातात असते आणि पियानोची आस वाद्याच्या हातात असते.

जलद रचनांमध्ये हा फरक झाकला जातो, कारण एक सूर विरण्याआधीच दुसरा येतो. पण मात्रा साडेपाच सेकंदांची झाली की पियानोची पंचाईत होते. अशी पंचाईत संतूरवादकाला चांगलीच परिचयाची असते, कारण तिथेही काठीचा आघात झाल्यावर सूर विरू लागतो आणि तो टिकवायचा तर त्याच तारेवर पुन्हापुन्हा हलके आघात करावे लागतात. मेसियाँ यांनी पियानोकडून तेच करवून घेतले आहे. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार किंवा अधिक स्वर. या भागात पियानो मात्रेच्या प्रत्येक चौथ्या हिश्श्यावर असा एक कॉर्ड वाजवतो, पुढच्या हिश्श्यावर बहुधा तोच कॉर्ड पुन्हा, आणि नंतर पुन्हा. त्यात तान नाही, नक्षी नाही, पियानोवादकाला आपली तयारी दाखवायला कुठे जागा नाही. डोळ्यांपुढे अशी स्वरलिपी ठेवली तर कोणाही विद्यार्थ्याला ती पहिल्या वर्षाची वाटेल. प्रत्यक्षात मात्र एकसारखे, एकाच वजनाचे आणि तरीही निर्जीव न होणारे आघात सव्वा-दीड सेकंदांच्या अंतराने आठ मिनिटे करत राहणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. एखादा कॉर्ड जरासा जड पडला तरी ऐकणाऱ्याला तो खडा लागल्यासारखा जाणवतो.

मराठी श्रोत्याला हे समजून घ्यायला अतिविलंबित एकतालाचे उदाहरण सर्वांत जवळचे पडेल. किराणा घराण्याच्या गायकीत मोठा ख्याल चालू असतो तेव्हा एका मात्रेचा अवकाश इतका मोठा होतो की तबलजी ती मात्रा लहान बोलांनी भरून काढतो. त्या भरण्यामुळे गायकाला मात्रेचा अंदाज राहतो आणि तो निश्चिंतपणे सुरावर रेंगाळू शकतो. पियानोचे कॉर्ड इथे असाच भरणा करतात. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की इथे तालाचे फिरून फिरून येणारे आवर्तन नाही आणि त्याची पहिली मात्रा, म्हणजे समही नाही. ख्यालात कितीही सावकाश गेले तरी सम येणार हे श्रोत्याला ठाऊक असते आणि त्याचे कान तिच्याकडे लागलेले असतात. मेसियाँ यांच्या रचनेत मात्रा मोजली जाते, पण ती कुठे पोहोचण्यासाठी मोजली जात नाही. पियानो काळ मोजतो आणि चेलो त्या मोजणीच्या वर आपली एक लांबच लांब ओळ धरून ठेवतो. काळ मोजणारे वाद्य आणि काळ विसरायला लावणारे वाद्य ही कामाची वाटणी दोघांच्या आवाजाच्या जातीतूनच आलेली आहे. माझ्या मते या रचनेचे सारे रहस्य या वाटणीत आहे.

आता ‘काळाचा अंत’ या शब्दांविषयी. मराठीत काळ म्हणजे वेळही आणि मृत्यूही, त्यामुळे हे शीर्षक आपल्याला विनाशाचे वाटण्याचा संभव आहे. रचना युद्धकैद्यांच्या छावणीत लिहिली गेली असल्यामुळे तर तो समज आणखी पक्का होतो. मूळ संदर्भ बायबलच्या शेवटच्या, ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातला आहे. तिथे डोक्यावर इंद्रधनुष्य असलेला एक देवदूत एक पाय समुद्रावर आणि एक जमिनीवर ठेवून, आकाशाकडे हात उंचावून, यापुढे काळ उरणार नाही अशी शपथ वाहतो. आजचे बरेच अनुवादक तिथे ‘आता विलंब होणार नाही’ असा अर्थ करतात आणि संदर्भाला तो अधिक जुळतोही. मेसियाँ यांनी मात्र ‘काळ’ हाच शब्द घेतला. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये ते ऑर्गनवादक होते. त्यांच्या दृष्टीने काळाचा अंत म्हणजे शाश्वताची सुरुवात. त्याच वेळी त्यांना त्या शब्दांत एक तांत्रिक अर्थही अभिप्रेत होता. ठरावीक मात्रांच्या समान कप्प्यांत संगीत बसवण्याची जी युरोपीय रीत शतकानुशतके चालत आली होती, ती मोडण्याचा हा उद्योग होता. आपल्या भाषेत ‘लय’ या एकाच शब्दात गतीही आहे आणि विलीन होणेही आहे; हा शब्द त्यांना माहीत असता तर कदाचित आवडला असता.

छावणीची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी रचनेपेक्षा जास्त जागा खाते. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव होत असताना मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडले. चेलोवादक एत्येन पास्किए आणि क्लॅरिनेटवादक आंरी आकोका यांच्यासह त्यांची रवानगी ग्योर्लिट्झ गावाच्या बाहेरच्या स्टालाग ८-ए या छावणीत झाली. छावणीची ती जागा आज नायसे नदीच्या पलीकडे, पोलंडच्या हद्दीत आहे. व्हायोलिनवादक जाँ ल बुलेर त्यांना तिथेच भेटले. कार्ल-आल्बेर्ट ब्रूल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने मेसियाँ यांना कागद आणि पेन्सिली पुरवल्या, लिहायला निवांतपणा मिळवून दिला आणि पुढे सुटकेसाठीही मदत केली. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या एका बराकीत कैदी आणि अधिकारी अशा मिश्र श्रोत्यांपुढे या रचनेचा पहिला प्रयोग झाला. त्याच वर्षी मेसियाँ यांची सुटका झाली आणि ते पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले.

या प्रयोगाची एक दंतकथा झालेली आहे. पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे स्वतः मेसियाँ नंतर सांगत असत. बराकीत काही शे माणसांपेक्षा अधिक माणसे मावणे शक्यच नव्हते. तारांबद्दल तर ज्यांनी तो चेलो वाजवला त्या पास्किए यांनीच आयुष्यभर सांगितले की तारा चारही होत्या, आणि तीन तारांवर ही रचना वाजवताच आली नसती. कैद्यांनी वर्गणी काढली आणि पास्किए यांना पहाऱ्यात ग्योर्लिट्झच्या दुकानात नेऊन तो चेलो विकत आणला गेला, ही खरी हकीकत तीन तारांच्या कथेपेक्षा मला अधिक हृद्य वाटते. पियानो उभ्या घाटाचा आणि जुनाट होता, त्याच्या काही कळा दाबल्यावर वर येत नसत. पुनःपुन्हा तोच कॉर्ड वाजवायला लावणारी साथ अशा पियानोवर कशी निभावली असेल, याची कल्पना कोणाही पेटीवाल्याला करता येईल.

याच क्वार्टेटच्या पहिल्या भागात चेलो आणि पियानो यांची आणखी एक जोडी लपलेली आहे, आणि तिचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. यादव राजा सिंघण याच्या दरबारी, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, शार्ङ्गदेव नावाचे विद्वान होते. त्यांनी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे अर्धशतक आधी, ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या पाचव्या, तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बेर लाविन्याक यांनी फ्रान्समध्ये एक मोठा संगीतकोश संपादित केला. त्यातील भारताविषयीच्या जोआनी ग्रोसे यांच्या प्रकरणात ही यादी छापली गेली. मेसियाँ यांच्या हाती ती तिथे लागली. भारतात येऊन कोणा गुरूकडे ते शिकले नव्हते. कोशातल्या एका कोष्टकाकडे पाहून त्यांनी जे निष्कर्ष काढले त्यांतले काही आपल्या परंपरेशी जुळतात आणि काही जुळत नाहीत. पण त्या यादीने त्यांच्या संगीताला जन्मभर पुरेल इतके खाद्य दिले. पुढे १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेल्या त्यांच्या प्रचंड सिंफनीचे ‘तुरंगलीला’ हे नावदेखील त्याच यादीतल्या एका तालाचे आहे.

या तालांत त्यांना काय दिसले, ते चंद्रकला या तालावरून समजेल. शाळेत वृत्ते शिकताना लघू आणि गुरू आपण ओळखायला शिकतो, तीच मापे इथे आहेत. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा आणि प्लुत तीन मात्रांचा. चंद्रकलेत तीन गुरू, नंतर तीन प्लुत आणि शेवटी एक लघू येतो. बेरीज सोळा होते, म्हणजे त्रितालाइतकीच. पण त्रितालाचे चार-चारांचे समान खंड इथे कुठेच नाहीत. दोन, दोन, दोन. मग तीन, तीन, तीन. आणि मग एकदम एक. पहिल्या गटाची चाल दुसऱ्या गटात दीडपट लांबते आणि शेवटचा एकटा लघू सगळा तोल हलवून टाकतो. युरोपीय संगीतात मुख्यतः एका मापाचे दोन किंवा तीन समान भाग पाडत खाली जाण्याची सवय होती. उलट इथे लहान एकके एकापुढे एक जोडत, त्यांची बेरीज करत वर जाणे होते. मेसियाँ यांना हवे होते ते हेच.

पहिल्या भागात पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांवर आधारलेली १७ आघातांची एक माळ फिरवत राहतो आणि त्याच वेळी २९ कॉर्डची दुसरी माळ. दोन्ही माळा एकाच क्षणी सुरू होतात. आघातांची माळ संपून पुन्हा सुरू होते तेव्हा कॉर्डची माळ अजून मध्यावरच असते. त्यामुळे पुढच्या फेरीत त्याच आघातांवर वेगळे कॉर्ड पडतात. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्याने दोन्ही माळांचा पहिला मणी पुन्हा एकत्र येण्यासाठी ४९३ आघात व्हावे लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी हा भाग संपतो. सोमवती अमावस्या दर महिन्याला का येत नाही, याचे उत्तर ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वारांचे चक्र आणि तिथींचे चक्र आपापल्या गतीने फिरत असतात आणि त्यांची गाठ क्वचित पडते. चेलोलाही या भागात असेच चक्र दिलेले आहे. पाचच स्वर आणि पंधरा कालखंड घेऊन तो तारेला बोटाचा केवळ हलका स्पर्श करून काढलेल्या, बासरीसारख्या पोकळ सुरात फिरत राहतो. ते कालखंड दोन गटांत असे मांडलेले आहेत की प्रत्येक गट पुढून वाचा किंवा मागून, क्रम तोच राहतो. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य जसे उलटे वाचले तरी तेच राहते, तसे. जे मागून पुढे आणि पुढून मागे सारखेच आहे, त्याला आधी काय आणि नंतर काय हे विचारता येत नाही.

स्तवनाच्या, म्हणजे पाचव्या भागाच्या, मांडणीत अशी गुंतागुंत नाही. तिथे पियानोचे आघात समान आहेत. काळाची दिशा पुसण्याचे काम तिथे स्वरांकडे आहे, आणि त्यासाठी मेसियाँ यांच्या आवडत्या एका स्वरावलीकडे पाहावे लागते. आपल्या नावांनी ती अशी लिहिता येईल: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. एक अर्धस्वर, मग एक पूर्ण स्वर, पुन्हा अर्धस्वर, पुन्हा पूर्ण स्वर, असे अंतर एकाआड एक पडत जाते आणि सप्तकात आठ स्वर बसतात. ही स्वरावली पेटीवर एकदा वाजवून पाहावी. थाटांची सवय असलेल्या कानाला दोन्ही गांधार लागोपाठ आलेले खटकतील आणि शुद्ध मध्यमाची उणीवही जाणवेल.

तिची खरी गंमत षड्ज बदलल्यावर कळते. आपल्याकडे मूर्च्छनेचा प्रयोग माहीत असणारे जाणतात की एखाद्या रागाचे स्वर तेच ठेवून दुसऱ्या स्वराला षड्ज मानले तर दुसराच राग उभा राहतो. भूपाच्या गांधाराला षड्ज केले की मालकंस दिसतो, हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. या स्वरावलीत मात्र कोमल गांधाराला षड्ज मानले तरी तीच स्वरावली मिळते, तीव्र मध्यमाला मानले तरी तीच, आणि शुद्ध धैवताला मानले तरी तीच. चार स्वर षड्जपदाचे सारखेच दावेदार आहेत. साहजिकच यांपैकी खरे घर कोणते, हे स्वरावली स्वतः सांगू शकत नाही. चारही जागांवर प्रसन्न, स्थिर असा तीन स्वरांचा कॉर्ड बांधता येतो, आणि एकावरून दुसऱ्यावर गेले तरी आपण निघालो की पोहोचलो हे कळत नाही. या मर्यादेलाच मेसियाँ ‘अशक्यतांचे आकर्षण’ म्हणत.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो जाणकार नसलेल्यालाही ऐकू येतो. युरोपीय संगीतात वाक्य संपल्याची खूण म्हणजे पंचमावरच्या कॉर्डवरून षड्जाच्या कॉर्डवर परतणे. चित्रपटसंगीतातही ही खूण आपण इतक्यांदा ऐकलेली असते की ती नकळत ओळखतो. पंचमाचा तो कॉर्ड बांधायला प, शुद्ध नी आणि शुद्ध रे लागतात, आणि वरच्या यादीत शुद्ध नी आणि शुद्ध रे हे दोन्ही नाहीत. म्हणजे घरी परतण्याचा नेहमीचा रस्ता मुळातच बंद केलेला आहे. स्तवनाचा सगळा विस्तार केवळ याच स्वरावलीत झालेला नाही. पण तिचा रंग जिथे गडद होतो तिथे कॉर्ड एकमेकांकडे ओढले न जाता शेजारी शेजारी ठेवलेल्या रंगीत काचांसारखे वाटतात. अर्थात पाश्चात्त्य ई हा सूर अखेरपर्यंत आधारस्वरासारखा वावरतो, म्हणून श्रोता भरकटत नाही. केवळ तत्त्वाच्या हट्टासाठी त्यांनी तोही काढून घेतला असता तर रचना बहुधा कोरडी झाली असती.

प्रत्यक्ष ऐकताना सुरुवातीला चेलो एकटाच बोलतो. तो काळ मोजणारे कोणी अजून आलेले नसते, त्यामुळे हा सूर किती लांबणार याचा अंदाज येत नाही. मग पियानो अगदी हळू दाखल होतो आणि मोजणी सुरू होते. चेलोची ओळ बराच काळ त्याच्या वरच्या तारेच्या प्रदेशात राहते. तिथला आवाज मानवी कंठाच्या फार जवळ जातो. वाक्ये लांब आहेत आणि पुनरुक्तीही आहे, पण ती शिकवल्यासारखी नाही, आठवल्यासारखी आहे. पुढे पियानोचे कॉर्ड दाट आणि मोठे होत जातात, चेलोलाही पूर्ण ताकद लावावी लागते, आणि त्या शिगेवरून आवाज एकाएकी अगदी हलका होतो. पहिल्यांदा ऐकणारा इथे हमखास दचकतो, कारण आवाज उतरत गेला नाही, तो जणू दुसऱ्या खोलीत गेला.

मेसियाँ यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे की या भागात येशू हा ‘शब्द’ या रूपात अभिप्रेत आहे. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, आरंभी शब्द होता आणि शब्द देव होता, हे वचन त्यांनी तिथे उद्धृत केले आहे. शब्दब्रह्माची कल्पना ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना हे परके वाटू नये. मात्र दोन्ही कल्पना एकच आहेत असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. शिवाय एक अडचणीची गोष्ट अशी की ही चाल या धार्मिक आशयासाठी सुचलेलीच नव्हती. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात सीन नदीवर कारंजी आणि प्रकाशाचे रात्रीचे खेळ होत असत. त्यांतल्या एका खेळासाठी मेसियाँ यांनी ओंद मार्तेनो या विद्युत् वाद्यांचा सहा जणांचा मेळ योजला होता, आणि ही संथ ओळ त्या रचनेतली आहे. काही समीक्षकांना यात उसनवारी दिसते. मराठी श्रोत्याला मात्र याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ख्यालाच्या बंदिशीवरून बांधलेली नाट्यपदे आणि लावणीच्या चालीवरची भजने आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि पद बदलल्यावर चालीचा भावही बदलतो हे आपण अनुभवलेले आहे.

त्या मूळ वाद्यामुळे चेलोवादकापुढे उभी राहणारी अडचण नीट कळते. ओंद मार्तेनो १९२८ मध्ये लोकांपुढे आणणारे मोरिस मार्तेनो हे स्वतः चेलोवादक होते. उजव्या हाताच्या बोटातली अंगठी एका ताणलेल्या दोरीवरून सरकवून स्वर ठरवायचा आणि डाव्या हाताने आवाजाची तीव्रता राखायची, अशी त्याची रीत आहे. वीज चालू आहे तोवर सूर चालू राहतो. त्याला श्वास संपण्याचे भय नाही आणि गज संपण्याचेही नाही. चेलोचा गज मात्र सत्तर सेंटीमीटरच्या आसपास लांबीचा असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की त्याला उलट फिरावेच लागते, आणि फिरताना सुरात बारीकशी फट पडण्याचा धोका असतो. सूर लांबवण्यासाठी गज हळू ओढला तर आवाज दबतो आणि कधी खरखरतो. आवाज मोठा ठेवायचा तर गज भराभर संपतो. साडेपाच सेकंदांची मात्रा आणि एकेक सूर कित्येकदा त्याहूनही लांब, असे असताना वादकाला प्रत्येक ओळीत गजाचा हिशेब आधी मांडून ठेवावा लागतो. कुठे वळायचे, कुठे थोडा गज राखून ठेवायचा आणि शिगेच्या ठिकाणी तो कसा उधळायचा, हे सगळे आधी ठरवावे लागते. पुष्कळ वादक छापील आकड्यापेक्षा थोड्या जलद गतीने वाजवतात, त्याला हेही एक कारण आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

शेवटच्या ओळींत ही कसोटी सर्वांत कडक होते. पियानोचे कॉर्ड ऐकू येतील न येतील इतके हलके होत जातात आणि त्यांच्यावर चेलोला एक उंच सूर धरून ठेवायचा असतो. आवाज कमी होतो तसा गज अधिकाधिक सावकाश चालतो. मनगट थरथरले तर ते लपवायला आता साथीचा आवाज उरलेला नसतो. मैफलीत बसून हे पाहणाऱ्याने या वेळी वादकाच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या उजव्या हाताकडे पाहावे. गज वळला की नाही, हे डोळ्यांना दिसते. चांगला वादक असेल तर कानाला कळत नाही.